नाळे बा!

साधारण १९९० च्या दशकातली गोष्ट. कर्नाटकात एक अफवा गावोगाव फिरत होती. रात्री एक भूत दाराशी येतं, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि जो दार उघडेल त्याचं काही खरं नसतं. त्यावर कुणीतरी नामी उपाय काढला. दारावर 'नाळे बा' असं लिहून ठेवायचं. नाळे बा, म्हणजे उद्या ये. भूत आपलं यायचं, वाचायचं आणि परत जायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं, पुन्हा तेच वाचायचं, पुन्हा परत. भूत साक्षर होतं, त्याला कन्नड येत होतं आणि मुख्य म्हणजे ते कमालीचं आज्ञाधारक होतं!

ती अफवा विरली, दारांवरची अक्षरं पुसली गेली. पण अलीकडे मला वाटू लागलंय की पाटी काही गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आता ती कचेरीच्या खिडकीवर आहे, गॅरेजात आहे, नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. आणि भुताच्या जागी आपण आहोत. "नाळे बर्री." "साहेब मीटिंगला गेलेत." "सर्व्हर डाऊन ऐतिरी." "पोरगं आलं नाही आज." "वाटेतच आहे, दहा मिनिटांत पोचतोय बघा." दिवाळीसाठी टाकलेला ब्लाऊज तुळशीच्या लग्नाला मिळतो, तोही एका बाहीत तंग. आपण दार वाजवतो, वाचतो, परत जातो. तेही आज्ञाधारकपणे.

वाचकहो, भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. गाऱ्हाणं ऐकताना तो शब्द मोजत बसतो. आपल्या सीमाभागातल्या घरांना या बाबतीत दुहेरी श्रीमंती आहे. मराठीत "चालतंय की", "होतंय की", "बघू या" आणि कन्नडमध्ये "स्वल्प अडजस्ट माडी". काम अंगाबाहेर टाकण्याला मराठीत 'पाट्या टाकणे' म्हणतात. ज्याची मजुरी पाट्यांच्या संख्येवर ठरते, त्याला पाटी भरली काय नि अर्धी काय, सारखीच. पाटी पडली की झालं. याउलट चोख, सुबक, नेटकं, बिनचूक, ठाकठीक असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. कन्नडमध्ये 'अच्चुकट्टु' हा सुंदर शब्द आहे. आता आठवून पाहा, घरी आलेल्या कारागिराच्या कामाबद्दल यांतला एखादा शब्द आपण शेवटचा कधी वापरला? शब्दकोशात शब्द जिवंत आहेत, पण त्यांना काम उरलेलं नाही.

"पूर्वी असं नव्हतं हो" असं म्हणायचा मोह इथे होतो. तो थोडा आवरायला हवा. पूर्वी टेलिफोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. स्कूटरचा नंबर लावला की ती मुलाच्या लग्नापर्यंत तरी मिळेल का, अशी चर्चा होई. रेल्वेच्या तिकिटासाठी पहाटे उठून रांगेत उभं राहावं लागे. २००२ साली रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं आणि ती रांग हळूहळू विरळ झाली. बँकेचा टोकन घेऊन बसण्याचा जमानाही गेला. तेव्हा सगळंच घसरलं म्हणणं खरं नाही. यंत्राकडे गेलेली कामं बरीच सुधारली. घसरली ती हातानं करायची कामं, आणि त्यातही भिंतीच्या आत, फरशीच्या खाली, कागदाच्या मागे होणारी, म्हणजे नजरेआडची.

हे मी नुसतं त्रागा म्हणून लिहीत नाही. त्यामागे एक घटना आहे.

माझ्या थोरल्या बहिणीनं उपनगरात घर बांधलं. घर छान झालं. फरशी चकचकीत, स्विच देखणे, दिवे छतात लपलेले. ताईकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी अधूनमधून म्हणायच्या, "ताई, मशीनला हात लावला की मुंग्या येत्यात बगा." ताईनं वायरिंगच्या ठेकेदाराला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "उद्या पोरगं पाठवतो" असं उत्तर मिळालं. उद्या काही उजाडला नाही. मग जुलै आला. आपल्याकडचा जुलै म्हणजे भिंतींनाही घाम. ओल्या हातानं मावशींनी कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि त्या फेकल्या गेल्या. जीव वाचला. तळहात भाजला, डोक्याला खोक पडली. पंधरा दिवस त्यांना कुठल्याच घरी कामाला जाता आलं नाही.

ताईच्या गल्लीत एक निवृत्त वायरमन राहतात. कन्नड बोलणारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांना सगळे अज्जाच म्हणतात. त्यांनी टेस्टर आणि पेचकस घेऊन एकेक बोर्ड उघडला. मी शेजारी बॅटरी धरून उभी होते. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये जी वरची जाड पिन असते, ती अर्थिंगची. तिच्यासाठी भिंतीतून एक हिरवी तार आणून घराबाहेर जमिनीत पुरलेल्या नळीला जोडावी लागते. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती या हिरव्या तारेनं जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर वीज पत्र्यात वाट पाहत थांबते, कुणीतरी हात लावेपर्यंत. वर्षानुवर्षं त्या तारेचा काही उपयोग दिसत नाही. आणि ज्या एका क्षणी तिची गरज लागते, त्या क्षणी दुसरं काही धावून येत नाही.

ताईच्या घरातल्या सातही बोर्डांत हिरवी तार होती. अगदी व्यवस्थित, गुंडाळी करून मागे दडवलेली. जोडलेली कुठेच नव्हती. बाहेर अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यावर सिमेंटचं झाकण होतं. अज्जांनी ते उचललं. खाली ना नळी, ना मीठ, ना कोळसा, नुसती माती. तीस मिलिअँपिअरचा जो ब्रेकर गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडतो, तो अंदाजपत्रकात होता, बोर्डात नव्हता. आणि वायरिंग पूर्ण झाल्याच्या कागदावर अर्थिंगच्या रकान्यात ओहममध्ये एक आकडा सुरेख अक्षरात भरलेला होता. जो खड्डा भरलाच नाही, त्याचं मोजमाप दशांश चिन्हापर्यंत!

भावजींनी ठेकेदाराला फोन लावला. त्याचं उत्तर मला शब्दशः आठवतंय. "ओ साहेब, चार वर्सं चालतंय न्हवं? कुणाला काय झालंय का तवर?"

त्या वाक्यात सगळं आहे. काम बरोबर केलं की नाही हा प्रश्नच नाही. अपघात झाला नाही तोवर ते बरोबर, असा हिशेब. आणि अपघात झाला तो कुणाला? ज्यांनी अंदाजपत्रक पाहिलं नाही, ठेकेदार ठरवला नाही, पैसे वाचवले नाहीत, अशा मावशींना. ताईनं दवाखान्याचा खर्च केला, पगार कापला नाही. पण त्या इतर चार घरी जात होत्या, तिथलं काय? ढिसाळ कामाची किंमत बहुधा त्याच माणसाला मोजावी लागते, ज्याचा त्या व्यवहाराशी काही संबंध नसतो. रस्त्याचा खड्डा रात्रपाळीहून सायकलनं परतणाऱ्याला सापडतो. म्हणून हा विषय केवळ वैतागाचा नाही, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू पाहू. याच बेळगावात उद्यमबागेत जा. आपल्या फाउंड्रींमधून पंपांचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात आणि दूरदूर जातात. तिथे काम करणारी मुलं कुठून येतात? आपल्याच गल्ल्यांतून, आपल्याच खेड्यांतून. त्याच शाळांत शिकलेली, तेच "चालतंय की" बोलणारी. पण तिथे वाळूचा साचा नीट ठोकला नाही, गाभा ओला राहिला, तर ओतकामात हवेचं भोक राहतं. वरून ते दिसत नाही. पुढे यंत्रावर तासताना उघडं पडतं आणि तो भाग परत येतो. ओतकामावर हीट नंबर असतो. त्यावरून कुठल्या दिवशीचा, कुठल्या भट्टीचा रस होता, ते शोधून काढता येतं. तिथे "स्वल्प अडजस्ट माडी" चालत नाही, कारण दुसऱ्या टोकाला मोजपट्टी घेऊन बसलेला माणूस अडजस्ट करत नाही.

म्हणजे दोष रक्तात नाही, 'आपल्या लोकांत' नाही, भाषेत तर नाहीच. तोच मुलगा एका जागी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत चोख काम करतो आणि दुसऱ्या जागी हिरवी तार दडवतो. फरक कशात आहे? पहिल्या जागी काम मोजलं जातं, चूक करणाऱ्याकडे परत जाते आणि कामावर कुणाचीतरी खूण असते. दुसऱ्या जागी यांतलं काहीच नसतं. वायरिंगचा ठेका 'पॉइंट'वर ठरतो. एका पॉइंटला इतके रुपये. वरचा ठेकेदार खालच्याला देतो, खालचा रोजंदारीच्या पोराला. पोराच्या हाती येईपर्यंत पैसे पातळ झालेले असतात आणि वेळही. तो पॉइंट मोजतो. पुन्हा पाट्याच की!

या मातीला चोख कामाचं वावडं कधीच नव्हतं. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नुसत्या जाहिरातीनं तो नांगर शेतात गेला नसता. तो टिकला, म्हणून शेजारच्या शेतकऱ्यानं घेतला. आपल्या आयाआज्यांच्या ट्रंकेतली इरकल पाहा. तिचा टोप पदर आणि साडीचं अंग वेगवेगळ्या धाग्यांचं असतं. ते उभे धागे एकेक करून कोंडी घालून जोडलेले असतात. साडी नेसल्यावर त्या जोडाकडे कुणी बघत नाही. पण लुगडं विरून गेलं तरी तो जोड सुटत नाही. ते नजरेआडचंच काम होतं, पण पाट्या टाकून केलेलं नव्हतं.

बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी 'कायक' हा शब्द दिला. कायक म्हणजे केवळ पोटासाठी केलेलं काम नव्हे, तर जी पूजा मानली जाते अशी मेहनत. माचिदेव कपडे धुणारे, चौडय्या नाव चालवणारे, चन्नय्या चामड्याचं काम करणारे, चंदय्या दोर वळणारे. आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एकदा ते गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा पत्नी लक्कम्मानं ते परत टाकून यायला सांगितलं, अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. आणि इकडे मराठी अंगणात गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा शिंपत होते, नरहरी सोनार दागिने घडवत होते, सेना न्हावी आपली धोकटी सांभाळत होते. आपल्या घरांत दोन्ही परंपरांची तसबीर एकाच भिंतीवर असते. दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली. देव कामाच्या आड येत नाही, कामातच सापडतो.

पण तसबिरीला हार घालणं सोपं. खरी अडचण अशी की या संतशरणांना आपण डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या कामांना पायाशीच ठेवलं. "चांगला शीक, नाहीतर वायरमन होशील" हे वाक्य आपल्या घरात मुलांना धाक म्हणून ऐकवलं जातं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चहा द्यायचा, पण कप वेगळा, कडेच्या फळीवरचा, हे अजून किती घरांत चालतं ते ज्यानं त्यानं आपल्याशी पाहावं. पूर्वी हुनर बापाकडून मुलाकडे जायचा, कारण जात दुसरं काही करू देत नव्हती. ती बेडी तुटली हे फार चांगलं झालं. ती परत यावी असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण बेडीबरोबर शिकण्याची जी वाट होती तीही मोडली आणि तिच्या जागी दुसरी वाट आपण पुरेशी रुंद केली नाही. आयटीआय आहेत, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तरी कित्येक मुलं एखाद्या ठेकेदारामागे सहा महिने तारा ओढून 'कारागीर' होतात. त्यांना चूक काय ते दाखवणारं कुणी नसतं, आणि बरोबर काय ते विचारणारंही.

आमच्या शिक्षणाच्या क्षेत्रालाही यातून बाहेर राहता येणार नाही. विज्ञानाच्या मुलांची प्रयोगवही कशी भरली जाते, ते त्यांनाच विचारा. लंबकाचा प्रयोग असतो. गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग उत्तर आधी लिहायचं आणि त्यावरून मागे मागे जात वाचनं भरायची. वही देखणी, आकडे बिनचूक, सही मिळते. मोजलं मात्र कुणीच नाही. सोळाव्या वर्षी हे जमलं की पुढे न भरलेल्या खड्ड्याचे ओहम लिहायला हात थरथरत नाही. ठेकेदाराच्या त्या कागदावरचा आकडा पाहून मला पहिल्यांदा प्रयोगवहीच आठवली.

मग करायचं काय? हातावर हात ठेवून "जमानाच वाईट" म्हणण्यात काही अर्थ नाही. सुधारणा होते, हे आपण आपल्याच शहरात पाहिलं आहे. २००८ च्या सुमारास बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, तेव्हा कुणाचा विश्वास बसत नव्हता. तिथे लोकांना उपदेश केला नव्हता. जुन्या गळक्या वाहिन्या बदलल्या, घराघराला मीटर बसवले, गळती मोजली. मोजलं म्हणून सुधारलं.

सरकारी कचेरीतल्या 'नाळे बर्री'वरही इलाज आहे. कर्नाटकात २०११ चा सेवा हमी कायदा आहे. त्याखालची 'सकाल' योजना २०१२ मध्ये सुरू झाली. सकाल म्हणजे वेळेवर. आता आज-उद्या नाही, सांगितलेला दिवस चुकणार नाही, असंच तिचं ब्रीद आहे. म्हणजे 'नाळे बा'ला सरकारनंच दिलेलं उत्तर! अर्ज दिला की पंधरा आकडी क्रमांकाची पोच मिळायला हवी. त्या सेवेला ठरवून दिलेले दिवस उलटले तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते, आणि ती संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होते. रक्कम किरकोळ आहे, पण चूक करणाऱ्याकडे चूक परत पाठवण्याची वाट तिथे आहे. मेख एवढीच की पोच घेतली नाही तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. "कागद ठेवून जा, बघतो" असं कुणी म्हटलं तर कागद ठेवून जाऊ नका. हसून, शांतपणे, कन्नडमध्ये किंवा मराठीत, पण पोच मागा.

खाजगी सेवेसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, कंपनी कुठली का असेना. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नुसता फोन केला तरी पुष्कळदा गाडी हलते. मात्र इथेही तीच मेख. "बिल कशाला, तेवढेच कर वाचतील" असं म्हणून आपण बिल घेतलं नसेल तर आयोगापुढे न्यायला हातात काही उरत नाही. ताईच्या ठेकेदाराचं बिल आणि तो ओहमचा कागद जपून ठेवलेला होता, म्हणून तक्रार दाखल करता आली. निकाल लागेल तेव्हा लागेल.

आणि एक गोष्ट कायद्याच्या बाहेरची. तीन ठेकेदारांकडून दर मागवायचे आणि सगळ्यात स्वस्त निवडून पुन्हा त्यातही दोन हजार कमी करून घ्यायचे, याला आपण व्यवहार म्हणतो. ते कमी झालेले दोन हजार ठेकेदार आपल्या घरून आणत नाही. ते भिंतीच्या आतून निघतात. म्हणून दर ठरवताना 'किती' इतकंच 'काय काय' हेही लिहून घ्यावं. भिंत लिंपण्याआधी तारांचे, नळ्यांचे फोटो काढून ठेवावेत. फोन सगळ्यांच्याच हातात आहे. शेवटचे पैसे अर्थिंग आपल्यासमोर मोजून दाखवल्यावरच द्यावेत. आणि काम चोख झालं तर ठरलेला पैसा त्याच दिवशी, पूर्ण द्यावा. "उरलेले उद्या या, मग देतो" हेही 'नाळे बा'च आहे, आणि ती पाटी आपल्या दारावरची आहे.

अज्जांनी ताईच्या घरचं काम चार दिवस केलं. नवा खड्डा खणला, नळी पुरली, मीठ-कोळसा भरला, यंत्र लावून मोजलं आणि आकडा भावजींना वाचायला लावला. प्रत्येक बोर्डाचं झाकण लावण्याआधी खिशातली पेन्सिल काढून झाकणाच्या आतल्या बाजूला ते आपलं नाव आणि तारीख लिहीत. मी विचारलं, "अज्जा, हे कोण बघणार? झाकण लावलं की संपलं." ते म्हणाले, "हेसर बरद्र कै तप्पंगिल्रि." नाव लिहिलं की हात चुकत नाही. नोकरीत असतानाही ते असंच लिहीत, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मजुरी सांगितली ती बाजारभावापेक्षा थोडी जास्तच होती. भावजींनी घासाघीस केली नाही.

मावशी आता पुन्हा कामावर येतात. तळहाताचं कातडं अजून आखडतं. यंत्राला हात लावण्याआधी त्या पदरानं हात दोनदा कोरडा करतात आणि एक बोट नुसतं टेकवून पाहतात. अर्थिंग आता पक्कं आहे, हे ताईनं त्यांना किती वेळा सांगितलं. त्या मान डोलावतात आणि तरी बोट टेकवून पाहतातच. मोडलेला विश्वास तारेसारखा एका दुपारी जोडता येत नाही.

जाता जाता वाचकांकडे एक मागणं. तुमच्या गल्लीत, गावात असं नजरेआडचं काम चोख करणारं कुणी असेल, शिंपी, गवंडी, सुतार, तलाठी, कंडक्टर, परिचारिका, कुणीही, तर त्याबद्दल दहा-बारा ओळी लिहून पाठवा. नाव-पत्ता त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. काम काय होतं आणि ते चोख कशावरून वाटलं, एवढं पुरे. मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये, आपल्या घरांत दोन्ही वाचता येतं. तक्रारींची पत्रं या पानाकडे भरपूर येतात. अशी फार कमी येतात.